उन्हाळी सुट्टीतील ऑनलाइन बायबल शाळा : मुलांना पवित्र शास्त्रातील कथा कशा सांगाव्यात

सुट्टीत मुलांसाठी बायबल शाळा भरवण्याची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९८ मध्ये एलायझा हॉज यांनी न्यूयॉर्कमधील गरीब वस्तीतल्या मुलांसाठी उन्हाळ्यात रोज भरणारी शाळा सुरू केली. गीते, कथा, पाठांतर आणि हस्तकला असा पुढे रुळलेला तिचा साचा आज व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) या नावाने बहुतेक मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, परिचयाचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत हा सगळा साचा उचलून पडद्यावर आणावा लागला. टाळेबंदी उठल्यावरही ज्यांच्या घराजवळ मंडळी नाही, जी आजारपणामुळे बाहेर पडू शकत नाहीत किंवा सुट्टीत आजोळी गेलेली असतात, अशा मुलांसाठी अनेक शिक्षकांनी ऑनलाइन वर्ग चालूच ठेवले.

सभागृहात गाणी, खेळ, खाऊ आणि मुलांचा गलका यांच्या भरात कथा थोडी कमी तयारीने सांगितली तरी ती खपून जाते. पडद्यावर ती खपत नाही. तेथे गलका नसतो, खाऊ नसतो, आणि कंटाळलेले मूल जागचे न उठता एका बोटाने दुसरीकडे निघून जाते. कार्यक्रम रंगवण्यासाठी पार्श्वचित्रे, चलच्चित्रे आणि खेळ यांची संख्या वाढवत नेण्याचा मोह अशा वेळी होतो, परंतु माझ्या मते तो मार्ग उलटा आहे. दिवसाला एकच कथा घ्यावी, ती मूळ वचनातून नीट वाचून तयार करावी, आणि बाकीचा कार्यक्रम तिच्या सोयीने बसवावा. पुढील सर्व सूचना याच धोरणातून दिल्या आहेत.

कथांची निवड

पाच दिवसांच्या शाळेसाठी साधारणपणे नोहा, दावीद, दानीएल, योना आणि शेवटच्या दिवशी प्रभू येशू अशी यादी केली जाते. यांतील प्रत्येक कथा उत्तमच आहे, पण एकीचा दुसरीशी संबंध न सांगता त्या ओळीने मांडल्या की ही सगळी माणसे एकाच काळात, एकमेकांच्या शेजारी राहत होती असा लहान मुलांचा समज होतो. शिवाय ऑनलाइन वर्गाची मोठी अडचण म्हणजे दुसऱ्या दिवशीची गळती. सोमवारी आलेली सर्व मुले बुधवारी येतीलच असे नसते. म्हणून आठ वर्षांवरील मुलांसाठी एकच मोठी कथा पाच भागांत सांगणे अधिक चांगले, आणि त्यासाठी उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाच्या कथेइतकी सोयीची दुसरी कथा नाही.

तिची विभागणी अशी करता येते. पहिल्या दिवशी ३७ वा अध्याय घ्यावा. त्यात पायघोळ झगा, स्वप्ने, भावांचा मत्सर आणि कोरडी विहीर येते, आणि योसेफाला चांदीच्या वीस नाण्यांना विकून व्यापारी त्याला मिसर (इजिप्त) देशाकडे घेऊन निघाले की तेथे थांबावे. दुसऱ्या दिवशी ३९ वा अध्याय येतो. योसेफाला मिसरात विकत घेणाऱ्या पोटीफरच्या बायकोने योसेफावर खोटा आळ घेतला आणि त्यामुळे तो तुरुंगात गेला, एवढे मुलांना पुरेसे असते. त्याहून अधिक तपशिलात शिरण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी ४० आणि ४१ हे अध्याय घेऊन तुरुंगातील प्यालेबरदार (राजाला पेय देणारा सेवक) व आचारी यांची स्वप्ने, मग प्यालेबरदाराला पडलेला योसेफाचा विसर आणि शेवटी फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, स्वप्नातील सात पुष्ट व सात रोडक्या गाई सांगाव्यात. चौथा दिवस दुष्काळामुळे धान्य घेण्यास आलेल्या भावांचा, म्हणजे ४२ ते ४४ या अध्यायांचा. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो आणि यहूदा हा भाऊ त्याच्याऐवजी स्वतः गुलाम होऊन राहण्यास तयार होतो, त्या ठिकाणी वर्ग संपवावा. योसेफ आता काय करील, हे विचारण्यासाठी मुले पाचव्या दिवशी वेळेआधी हजर होतात. शेवटच्या दिवशी ४५ वा अध्याय सांगून ५० व्या अध्यायातील २० व्या वचनाने समारोप करावा, कारण भावांनी योजलेले वाईट आणि देवाने त्यातून साधलेले चांगले यांविषयी योसेफ स्वतःच तेथे बोलतो आणि शिक्षकाला वेगळे तात्पर्य सांगावे लागत नाही.

ज्यांना संपूर्ण आठवडा प्रभू येशूच्या कथांवर हवा असेल त्यांनी येशूचे जीवन सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक व योहान या चारही शुभवर्तमानांत उड्या न मारता एकट्या लूकमधूनच कथा घ्याव्यात. दयाळू शोमरोनी दहाव्या अध्यायात आहे. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या पुत्र हे तीन दृष्टांत पंधराव्या अध्यायात एकामागोमाग येतात. जक्कय एकोणिसाव्यात आहे. एका लेखकाच्या पुस्तकात आठवडाभर राहिल्याने मुलांना कथांबरोबर पुस्तकाचीही ओळख होते.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना मात्र आदल्या दिवसाचा धागा लक्षात ठेवणे जड जाते. त्यांच्यासाठी एकेका बैठकीत पूर्ण होणाऱ्या कथा निवडाव्यात. रात्री हाक ऐकून एली याजकाकडे तीनदा धावत गेलेला शमुवेल, पाच भाकरी व दोन मासळ्या असलेला मुलगा, चार जणांनी छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षाघाती आणि समुद्रातील वादळ या कथांमध्ये घडामोड भरपूर आहे आणि पात्रे थोडी आहेत.

आधी शिक्षकाचे वाचन

ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या त्या पुन्हा वाचण्याची गरज नाही असे वाटते, आणि नेमक्या त्याच कथांमध्ये वचनात नसलेल्या गोष्टी आपल्या तोंडी बसलेल्या असतात. एदेन बागेतील फळ कोणते होते हे उत्पत्तीमध्ये लिहिलेले नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक तीन होते असे मत्तय म्हणत नाही. त्यांनी दिलेल्या भेटी तीन होत्या. योनाला गिळणारा मोठा मासा होता, देवमाशाचा उल्लेख मूळ कथेत नाही. नोहाच्या तारवात प्रत्येक प्राण्याची एकेकच जोडी गेली असे आपण सांगत आलो, परंतु सातव्या अध्यायात शुद्ध पशूंची संख्या वेगळी, सात-सात अशी दिली आहे. सिंहांच्या गुहेतील दानीएल चित्रांमध्ये बहुधा तरणाबांड दिसतो. बाबेलला नेला गेला तेव्हा तो तरुण होता खरा, पण सहाव्या अध्यायातील प्रसंग पुष्कळ नंतरच्या दारयावेश राजाच्या कारकिर्दीतला आहे, म्हणजे दानीएलाचे वय तोवर बरेच झालेले होते.

या बारकाव्यांचा आग्रह पांडित्यासाठी धरायचा नाही. आज ऐकणारे मूल काही वर्षांनी स्वतः पुस्तक उघडणार आहे, आणि शिक्षकाने सांगितलेली गोष्ट तेथे सापडली नाही तर त्याच्या मनात शंका फक्त त्या तपशिलापुरती राहत नाही. दुसरे असे की, वचनातले खरे तपशील आपल्या मनाने घातलेल्या रंगांपेक्षा पुष्कळदा अधिक जिवंत असतात. योसेफाला विहिरीत टाकल्यावर त्याचे भाऊ जेवायला बसले, ही एक ओळ त्यांच्या मनाची जी अवस्था दाखवते ती दहा विशेषणांनी दाखवता येणार नाही. पुढे मिसरात योसेफ भावांशी दुभाष्यामार्फत बोलत होता, त्यामुळे तो आपले बोलणे समजतो हे त्यांना ठाऊक नव्हते. हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात, कारण भावांना जे कळलेले नाही ते आता मुलांना कळलेले असते.

एकच प्रसंग अनेक शुभवर्तमानांत असेल तर त्यांतील एक निवडून त्याचाच आधार घ्यावा. पाच हजारांना भोजन देण्याचा प्रसंग चौघांनीही लिहिला आहे, पण भाकरी व मासळ्या असलेला मुलगा फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात भेटतो. ती कथा मुलाच्या बाजूने सांगायची असेल तर योहानच उघडला पाहिजे.

तयारीसाठी कथेचा भाग किमान तीनदा मोठ्याने वाचावा, मग पुस्तक मिटून ती घरातल्या कोणाला तरी सांगून पाहावी. जेथे आपण अडखळतो तेथे बहुधा घटनाक्रम नीट लक्षात आलेला नसतो. संपूर्ण संहिता लिहून कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवू नये. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवर फिरताना मुलांना स्पष्ट दिसतात.

कॅमेऱ्यासमोर कथा सांगणे

लहान गटासाठी सहा-सात मिनिटे आणि मोठ्या गटासाठी दहा-बारा मिनिटे ही कथेची मर्यादा मानावी. फोन किंवा लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, प्रकाश समोरून यावा आणि पाठीमागे खिडकी नसावी. मुलांचे चेहरे पडद्यावर असतात म्हणून आपली नजर तेथेच जाते, पण कथेतील एखादे पात्र थेट बोलत असेल तेव्हा भिंगाकडे पाहून बोलावे. तेवढ्या वेळापुरते प्रत्येक मुलाला ते वाक्य आपल्यालाच उद्देशून असल्यासारखे वाटते. सभागृहात परिणामासाठी घेतलेला मोठा विराम येथे मात्र फसतो. दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ शिक्षक निश्चल राहिला तर मुलांना नेट गेले असे वाटते, आणि एखादे मूल तसे ओरडून सांगतेही. विराम घ्यायचाच असेल तर हाताची किंवा मानेची किंचित हालचाल चालू ठेवावी.

मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळाची कथा उदाहरणादाखल घेऊ. आदल्या संध्याकाळी पालकांना निरोप पाठवावा की उद्या मुलाने एक उशी जवळ घेऊन बसावे. कारण सांगू नये. वर्ग सुरू झाल्यावरही उशीचा उल्लेख लगेच करू नये. संध्याकाळ झाली आहे, येशू दिवसभर लोकांना शिकवून थकला आहे, शिष्य त्याला मचव्यात घेऊन निघाले आहेत आणि बरोबर दुसरेही मचवे आहेत, इथपर्यंत शांतपणे सांगावे. मग वारा सुटतो. मुलांना एका बोटाने तळहातावर टकटक करायला सांगावे, मग दोन बोटांनी, मग सर्व बोटांनी, आणि लाटा मचव्यात शिरू लागल्या की दोन्ही हातांनी उशीवर थापा मारायला लावाव्यात. सर्वांचे माइक बंद असल्याने आवाज फक्त शिक्षकाच्या बाजूने येतो, पण प्रत्येक घरात त्या मुलाच्या कानांना स्वतःच्या थापांचा आवाज मिळतो आणि पडद्यावर सगळे हात हलताना दिसतात. या सगळ्या गोंधळात येशू कोठे आहे, असे विचारावे. तो वरामावर, म्हणजे मचव्याच्या मागच्या भागात, उशी घेऊन झोपला आहे. उशीचा हा तपशील चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मार्कने नोंदवला आहे, आणि मुलांनी उशी का आणली हे त्यांना आता कळते. त्यांना उशीवर डोके ठेवू द्यावे.

शिष्य घाबरून त्याला उठवतात आणि आम्ही बुडत आहोत याची तुला काही काळजी नाही का, असे विचारतात. हा प्रश्न सौम्य करू नये. तो वचनातच तक्रारीच्या सुरात आहे. येशू वाऱ्याला धमकावतो, समुद्राला शांत होण्यास सांगतो आणि सगळे थांबते. शिक्षकाने हात उचलताच सर्व मुलांनी थांबावे अशी खूण आधीच ठरवून ठेवलेली असावी. त्यानंतर शिष्यांनी एकमेकांना विचारलेला प्रश्न, वारा आणि समुद्रही ज्याचे ऐकतात असा हा आहे तरी कोण, हे कथेचे शेवटचे वाक्य असावे, कारण मार्कनेही कथा तेथेच संपवली आहे.

यापुढे आपल्या जीवनातही वादळे येतात हे वाक्य जोडण्याची जवळजवळ प्रत्येक शिक्षकाला सवय असते. मोठ्यांच्या उपदेशात त्याला जागा आहे. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र वादळ म्हणजे वादळच असते, आणि हे रूपक जोडताच त्याच्या मनात उभा राहिलेला समुद्र विरून जातो.

चित्रांविषयी एवढेच सांगता येईल की एका कथेला एक किंवा दोन चित्रे पुरतात. सतत स्लाइड दाखवल्या की शिक्षकाचा चेहरा कोपऱ्यातील लहान चौकटीत जातो, आणि कथा सांगणारा माणूसच दिसेनासा झाल्यावर ती प्रत्यक्ष सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

कथेनंतरचे प्रश्न

योसेफाच्या झग्याची, भावांच्या संख्येची किंवा दाविदाने उचललेल्या गोट्यांची विचारणा करणारे प्रश्न लक्ष आहे की नाही हे तपासण्यापुरते ठीक असतात. एक-दोन विचारून पुढे जावे. त्यानंतर ज्याचे उत्तर वचनात दिलेले नाही असा एक प्रश्न असावा. पवित्र शास्त्रात अशा जागा मुबलक आहेत. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात बाप बाहेर येऊन थोरल्या मुलाची समजूत घालतो, पण थोरला शेवटी घरात गेला की नाही हे लूक सांगत नाही. योनाचे पुस्तक तर देवाच्या प्रश्नावरच संपते. उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या निनवेची मी पर्वा करू नये काय, असे देव विचारतो, आणि योनाचे उत्तर लिहिलेलेच नाही. तू योना असतास तर काय म्हणाला असतास, हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलांना विचारून पाहावा. काही मुले योनाची बाजू घेतात. घेऊ द्यावी.

एकाच वेळी सर्वांचे माइक उघडल्यास कोणाचेच ऐकू येत नाही. मोठी मुले चॅटमध्ये लिहू शकतात, लहानांनी पडद्यासमोर हात वर करावा आणि सहायकाने एकेकाचे नाव घ्यावे. आठ-दहा मुलांचे ब्रेकआउट रूममधील (मुख्य बैठकीतूनच उघडणाऱ्या वेगळ्या खोल्यांमधील) लहान गट चर्चेसाठी सर्वांत उपयोगी पडतात. मूल चुकीचे उत्तर देत असले तर ताबडतोब सुधारण्याऐवजी, हे तुला कथेतील कोणत्या गोष्टीवरून वाटले, असे विचारावे. पुष्कळदा ते मूल आपली चूक आपणच दुरुस्त करते, आणि कधी कधी शिक्षकाच्या नजरेतून निसटलेला तपशील दाखवते.

अवघड प्रश्न येणारच. जलप्रलयात बाकीची मुले का बुडाली, अब्राहाम इसहाकाला मारायला कसा निघाला, हे प्रश्न विचारणारे मूल उद्धट नसते. त्याने कथा खरोखर ऐकलेली असते. अशा वेळी गुळगुळीत उत्तर देऊन विषय बदलू नये. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला देता येत नाही असे सांगून, वचनात जे आहे ते पुढे ठेवावे. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवाच्या मनाला झालेल्या दुःखाचा उल्लेख आहे, आणि नवव्या अध्यायात पुन्हा असा जलप्रलय न आणण्याचा करार व मेघधनुष्य आहे. सात वर्षांखालील मुलांसमोर इसहाकाची कथा मी घेणार नाही. वधस्तंभाची कथा मात्र वगळता येत नाही. लहान गटात प्रभू येशू मरण पावला, त्याचे मित्र फार रडले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत झाला असे सांगावे, जखमांचे वर्णन मोठ्या गटासाठीही संयमानेच करावे, आणि पुनरुत्थान त्याच बैठकीत सांगावे. कथा उद्यावर टाकण्याची वर सुचवलेली युक्ती येथे वापरू नये, कारण पडदा बंद झाल्यावर ते मूल रात्रभर कोणत्या मनःस्थितीत आहे हे आपल्याला कळणार नसते.

पाठांतर, गीते आणि हस्तकला

पाठांतराचे वचन आठवड्याला एक किंवा दोन, तेही लहान असावे. मराठीत पवित्र शास्त्राची एकाहून अधिक भाषांतरे वापरात आहेत, म्हणून कोणते भाषांतर घ्यायचे हे पहिल्याच दिवशी ठरवून तेच शब्द पालकांनाही पाठवावेत. नाहीतर घरी आजी एक पाठ करून घेते आणि वर्गात दुसरेच विचारले जाते.

गीते सर्वांनी एकत्र गाण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येकाचा आवाज थोडा मागे-पुढे पोचत असल्याने सूर जुळत नाहीत. एकानेच गावे, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरात मोठ्याने म्हणावे, आणि कृतिगीत असेल तर उत्तमच. चित्रफितीतील गीत लावताना पडद्याबरोबर आवाजही सामायिक करण्याचा पर्याय निवडावा लागतो. तो विसरला की मुलांना फक्त हलणारे ओठ दिसतात. वर्गाची चित्रफीत पुढे यूट्यूबवर टाकायची असेल तर विकतच्या गीतांच्या स्वामित्वहक्काचा विचार आधीच करावा.

हस्तकलेसाठी घरात असलेला कागद, पेन्सिल आणि रंग यांपलीकडे काही मागू नये, आणि ती कथेतून निघालेली असावी. योसेफाच्या कथेसाठी पुढील कृती करून पाहण्यासारखी आहे. कागदाची एक लांब पट्टी घेऊन तिच्यावर तेरा चौकोन आखावेत. योसेफ सतरा वर्षांचा होता असे ३७ व्या अध्यायात सांगितले आहे आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता असे ४१ व्या अध्यायात, म्हणजे मधली वर्षे तेरा. पहिल्या चौकोनात विहीर काढावी आणि शेवटच्या चौकोनात राजवाडा. प्यालेबरदार सुटून गेल्यावर दोन पूर्ण वर्षे गेली असे वचनात आहे, म्हणून शेवटून मोजून तेवढे चौकोन एका रंगाने भरावेत. उरलेले चौकोन कशाने भरायचे, असे मुले विचारतात. पोटीफरच्या घरी किती वर्षे आणि तुरुंगात एकूण किती, हे लिहिलेले नाही, तेव्हा ते रिकामेच ठेवायला सांगावे. योसेफाला किती काळ वाट पाहावी लागली, हे त्या रिकाम्या चौकोनांकडे पाहून मुलांना न समजावता समजते.

संमती आणि सुरक्षितता

येथे कोणतीही सवलत घेऊ नये. वर्गात नेहमी किमान दोन प्रौढ हजर असावेत, प्रत्येक ब्रेकआउट रूममध्येही दोन. दुवा समाजमाध्यमांवर जाहीर न करता नोंदणी केलेल्या पालकांनाच पाठवावा, प्रतीक्षा कक्ष चालू ठेवावा आणि नाव ओळखल्याशिवाय कोणालाही आत घेऊ नये. पडद्यावर मुलांची फक्त पहिली नावे दिसावीत. मुलांनी एकमेकांना खासगी संदेश पाठवण्याची सोय बंद ठेवावी. व्हॉट्सअॅप गट पालकांचाच असावा. शिक्षकाने मुलाशी परस्पर, वेगळा संपर्क ठेवू नये, मग हेतू कितीही चांगला असो. पालकांच्या लेखी संमतीशिवाय ध्वनिचित्रमुद्रण करू नये आणि मुलांच्या चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट मंडळीच्या पानावर टाकू नयेत. बोलता बोलता एखाद्या मुलाने घरी त्रास होत असल्याचे सुचवले तर सर्वांसमोर खोदून विचारू नये. त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे आणि बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली आहे त्यांना त्याच दिवशी कळवावे.

संमतीचा आणखी एक भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. ऑनलाइन वर्गात मित्राच्या निमंत्रणावरून इतर धर्मांच्या घरांतील मुलेही येतात. हा ख्रिस्ती कार्यक्रम आहे, त्यात पवित्र शास्त्रातील कथा, प्रार्थना आणि गीते असतात, हे नोंदणीपत्रावर स्पष्ट लिहावे आणि त्या मुलांच्या पालकांची संमती असल्याशिवाय त्यांना प्रवेश देऊ नये. येशूला कोण स्वीकारतो त्याने हात वर करावा, अशी हाक सर्व चेहरे दिसत असलेल्या पडद्यावर देणे मला कोणत्याच मुलाच्या बाबतीत योग्य वाटत नाही. शेजारचा हात वर गेला म्हणून आपलाही वर करणे हे त्या वयात स्वाभाविक आहे. मुलाला बोलायचे असेल तर त्याने आपल्या आईवडिलांशी बोलावे आणि त्यांनी पाळकांशी, हा क्रम बरा.

वेळ आणि साधने

एका बैठकीची लांबी लहान गटासाठी अर्धा तास आणि मोठ्यांसाठी पाऊण तास धरावी. झूमच्या मोफत खात्यावर गटाची बैठक चाळीस मिनिटांत बंद होते, म्हणून मोठ्या गटाचा कार्यक्रम त्यातच बसवावा किंवा सशुल्क खाते घ्यावे. प्रार्थनेच्या मध्येच पडदा काळा होणे बरे दिसत नाही. कथा सांगणाऱ्याकडे तांत्रिक काम मुळीच देऊ नये. मुलांना आत घेणे, माइक बंद करणे, चॅट पाहणे आणि नेट गेलेल्या मुलाला पुन्हा जोडून घेणे ही कामे सहायकाची, आणि कथा सांगणाऱ्याचेच नेट गेले तर ती पुढे नेता येईल इतपत त्यानेही ती वाचलेली असावी.

काही घरांत एकच फोन असतो आणि तो कामावर गेलेल्या पालकांबरोबर जातो. अशा मुलांसाठी कथेचे सहा-सात मिनिटांचे ध्वनिमुद्रण रोज संध्याकाळी पालकांच्या गटावर पाठवावे. त्यात फक्त शिक्षकाचा आवाज असल्याने कोणाच्या संमतीचा प्रश्न येत नाही आणि नेटही फारसे खर्च होत नाही. ज्या दिवशी मूल गैरहजर होते त्या दिवसाचा भाग त्याला दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीला इतर मुलांनी थोडक्यात सांगावा. असे केल्याने उजळणी आपोआप होते, आणि आपण सांगितलेल्या कथेतले मुलांपर्यंत नेमके काय पोचले हेही शिक्षकाला ऐकायला मिळते.

शाळा संपल्यावर आठवडाभर सांगितलेल्या अध्यायांची यादी आणि प्रत्येक दिवसाचा एक प्रश्न पालकांना पाठवावा, म्हणजे ज्यांना घरी वाचायचे असेल त्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. पुढच्या वर्षीच्या तयारीसाठी मुलांनी विचारलेले प्रश्न, नावे न लिहिता, एका वहीत उतरवून ठेवावेत. मुद्रण केले असल्यास ते किती दिवस ठेवणार हे संमतीपत्रात सांगितलेले असावे, आणि ती मुदत संपताच सर्वांच्या फोनवरून व संगणकांवरून ते काढून टाकल्याची खात्री एका जबाबदार व्यक्तीने करून घ्यावी.